दुभाजकातली फट

मुकुंदवाडी,
१४ जुलै २०२५

गयासभाई,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मधे उजैर बसतो आणि "चाची असं म्हणतात, अब्बा तसं म्हणतात" करतो, त्यात माझं अर्धं बोलणं गळून जातं. तुमचा मुलगा गुणाचा आहे, पण माझी तक्रार मला माझ्याच तोंडानं करायची आहे. म्हणून हे पत्र. करमाड इथून वीस किलोमीटर, टपालाला चार दिवस लागतात म्हणे. लागू द्या.

मला शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. तुम्ही आणि हे रिटायर झाल्यावर नाल्याकाठच्या ज्या वाटेनं सायकली घेऊन जायचात, तिथंच जाते. ह्यांच्या माघारी अडीच वर्षं मी तिकडं फिरकले नव्हते. वाट चांगली आहे. कडुनिंब डोक्याच्या वर गेलेत, बसायला बाकडी आहेत. पण ती मोठ्या रस्त्याला येऊन भिडते आणि तिथंच संपते. पलीकडं परत सुरू होते. मधल्या रस्त्याचं काय, ते वाट आखणाऱ्यालाही सुचलं नसावं.

दुभाजकाला तिथं एक फट आहे. लोक त्यातून घुसतात. पोरी सायकली उभ्या करून, हँडल वाकडं करून त्यातून काढतात. दोन्ही अंगांनी शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या आणि डंपर. सिग्नल आहे, पण चारशे पावलं लांब. मी मोजली. जाऊन येऊन आठशे. परवा आमच्या गल्लीतल्या संस्कृतीच्या सायकलचं मागचं चाक एका बसनं चेपलं. पोर सातवीत आहे. वाचली. चाक खांद्यावर घेऊन रडत घरी आली, तर आईनं वर दोन ठेवून दिल्या.

मी रस्त्यांच्या ऑफिसात गेले. तिथं मेघा मॅडम म्हणून इंजिनिअर आहेत, बोलायला नीट. कॉम्प्युटरात बघून म्हणाल्या, "आजी, त्या जागी पाच वर्षांत एकही माणूस गेलेला नाही. पोलिसांच्या नोंदीत शून्य आहे. शून्य असलं की काम यादीत खाली जातं."

"म्हणजे कुणी मरायची वाट बघायची?"

"तसं नाही आजी," त्या म्हणाल्या. मग कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून म्हणाल्या, "पण आहे तसंच."

तुम्ही दोघांनी तीस वर्षं रेल्वेचं गेट सांभाळलं. रस्त्यावरची गाडी थांबवायची कशी, हे तुमच्याशिवाय कुणाला विचारू? ऑफिसात काय मागू ते लिहा. हे सिग्नलवर गेले, हिरवा दिवा बघून जाताना गेले. ते नशीब म्हणून मी गप्प बसले. दर अमावस्येला त्या खांबाला हार घालते आणि परत येते. पण ह्या फटीत नशिबाचा काही संबंध नाही. इथं नुसतं काम करायचं राहिलं आहे.

मुक्ताबाई


करमाड,
२६ जुलै २०२५

वहिनी, सलाम.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून सांडूची आठवण झाली. गेटवरची पाटी दाखवून त्यानं तुम्हाला पहिली अक्षरं शिकवली, "थांबा, बघा, मग जा." बाकीचं तुम्ही स्वतः शिकलात. तो सगळ्यांना सांगायचा, माझ्या बायकोनं औरंगपुऱ्यातलं वाचनालय अर्धं संपवलं. आम्ही चार्ज देताघेताना दहा मिनिटं भेटायचो, त्यातली पाच ह्यातच जायची.

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. पाटी लावून गाडी थांबत नाही. माणूस दिसला म्हणूनही थांबत नाही. थांबावंच लागेल असं काही केलं तरच थांबते. आमचा आडवा दांडा होता, म्हणून मंत्र्याची गाडीसुद्धा थांबायची. तुमच्या तिथं दांडा नाही टाकता येणार. मग रस्ताच उंच करायला सांगा, वाटेएवढा रुंद, दोन्ही बाजूंनी. त्याच्या आधी लांबवर गतिरोधक. आणि दुभाजकात ऐसपैस जागा, सायकलसकट उभं राहता येईल अशी. म्हणजे एका वेळी एकाच बाजूचा रस्ता बघायचा. दोन्हीकडं एकदम बघताना म्हातारा माणूस चुकतो.

हे सगळं लिहिलं खरं, पण माझं ऐकाल तर ऑफिसचा नाद सोडा. आपल्या वयाला हे हेलपाटे झेपत नाहीत. तुम्ही सिग्नलवरूनच जात जा. आठशे पावलं म्हणजे शुगरला चांगलंच. त्या फटीजवळ जाऊ नका.

उजैरची मुलगी कहकशा तुम्हाला सलाम सांगते.

गयास


मुकुंदवाडी,
२२ ऑगस्ट २०२५

गयासभाई,

तुम्ही सांगितलं ते मी वहीच्या कागदावर चित्र काढून ऑफिसात नेलं. मेघा मॅडमनी नीट बघितलं. म्हणाल्या, "हे कुणी सांगितलं? बरोबर आहे." मी म्हटलं, रेल्वेच्या माणसानं. त्यांनी चित्र फाइलीत लावलं आणि तोवर "तात्पुरती उपाययोजना" करते म्हणाल्या.

ती तात्पुरती उपाययोजना ऐका. पहिल्यांदा पाटी आली. मला वाटलं गाडीवाल्यांना असेल. नाही. पाटी वाटेवर, आमच्याकडं तोंड करून. "पादचाऱ्यांनी सावध राहावे." आम्ही सावधच आहोत हो! आमच्याइतकं सावध तिथं दुसरं कोण आहे?

मग दोन माणसं आली आणि त्यांनी फटीत लोखंडी गज ठोकले. मॅडमना विचारलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, ते आमचं नव्हे, दुसऱ्या विभागाचं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दोन गज कापून नेले. आता फट आहेच, वर गजांची टोकं. एका बाईची साडी अडकली. रस्त्याच्या मधोमध उभं राहून ती पदर सोडवते आहे आणि मागून डंपर हॉर्न देतो आहे. मी ह्या बाजूनं ओरडते आहे, "बाई, फाटू दे, फाटू दे!"

त्यानंतर एक साहेब गाडीतून आले. काच अर्धी खाली करून म्हणाले, "इथून जातंच कोण?" दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ मी बाकड्यावर बसून मोजलं. तीनशे बारा माणसं, एकशे चार सायकली. कागद नेऊन दिला. शिपाई म्हणाला, "आजी, हे टाइप करून आणा."

गयासभाई, मला इतका संताप येतो की चालून शुगर कमी होते तेवढी ऑफिसात जाऊन वाढते. आणि वर तुम्ही लिहिता, नाद सोडा. तुम्ही तीस वर्षं गेटखालून वाकून जाणाऱ्याला शिव्या घालणारी माणसं. तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

एकदा या. मेघा मॅडमना जागेवर उभं राहून समजावून सांगा. माझ्या चित्रापेक्षा तुमचा शब्द चालेल.

मुक्ताबाई


मुकुंदवाडी,
३० सप्टेंबर २०२५

गयासभाई,

पाच आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. उजैरला फोन केला तर म्हणाला, अब्बांची तब्येत नरम आहे. काय होतंय विचारलं तर त्याला सांगता आलं नाही.

रस्त्याच्या पलीकडं, वाट परत सुरू होते तिथं, कडूबाई म्हणून एक बाई चहाची गाडी लावते. आजवर मी कधी ओलांडून गेले नव्हते, इकडूनच मागं फिरायचे. काल धीर करून गेले. दमले होते, चहा मागितला. तिनं माझ्या हातातली पिशवी बघितली. ह्यांचीच आहे, कडेला लाल दोरा असलेली रेल्वेची कापडी पिशवी.

"बाई, ही पिशवी त्या गेटवाल्या मामांची ना वं? तुम्ही त्यांच्या कोण?"

"घरची."

तिनं किटली खाली ठेवली. "मग हिकडून कशा येताव वं माय? मीच त्यांच्या तोंडात पाणी घातलं व्हतं. हितं, ह्या फटीपाशी. ते दाढीवाले चाचा रडत व्हते अन् रिक्षा थांबत नव्हती."

मी म्हटलं, "तुम्ही चुकताय. ते सिग्नलवर गेले."

ती म्हणाली, "सिग्नल कुठला? लई लांब ऱ्हायला त्यो."

चहाचा कप तसाच राहिला. मी घरी कशी आले ते मला सांगता येणार नाही.

गयासभाई, तुम्ही एकटे सोबत होतात. पोलिसांना जबाब तुम्ही दिला. मला एवढंच लिहा, माझा माणूस कुठं पडला?

मुक्ताबाई


करमाड,
८ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

कडूबाई खरं बोलली. तो फटीपाशीच पडला.

गाडी थांबली नाही, निघून गेली. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं हवालदारानं विचारलं, कुठं झालं? माझ्या तोंडून निघालं, सिग्नलवर. दिवा आमचा होता. त्यांनी लिहून घेतलं. दुपारी मला तिथं नेऊन विचारलं, जागा दाखवा. मी खांबाशेजारी बोट दाखवलं, त्यांनी खडूनं गोल काढला. वहिनी, गेटच्या रजिस्टरात मी तीस वर्षांत एक वेळ चुकीची लिहिली नाही. एक मिनिट इकडं की तिकडं नाही. आणि त्या गोलात सगळं खोटं होतं.

का केलं ते सांगतो. तुम्हाला माहीत आहे, सांडू कसा होता. बंद गेटखालून कुणी वाकून गेलं की हा झेंडा घेऊन मागं पळायचा. सरपंच असो की मास्तर, चारचौघांत धुवायचा. "दोन मिनिटं वाचवून कुठं जाळणार आहेस?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. अर्ध्या मुकुंदवाडीनं ते खाल्लंय. आता लोक काय म्हणाले असते? गेटमन सांडू स्वतः फटीतून घुसला आणि मेला. चौकाचौकात हसले असते. दवाखान्याच्या त्या बाकड्यावर बसून मला एवढंच दिसत होतं. जीव गेला, निदान नाव राहू दे.

तुम्ही ऑफिसचं लिहिलंत तेव्हाच कळलं होतं, शून्य कशानं आहे ते. ते शून्य माझं आहे. म्हणून लिहिलं, नाद सोडा. माफी मागायला तोंड नाही.

गयास


मुकुंदवाडी,
१५ ऑक्टोबर २०२५

गयासभाई,

अडीच वर्षं. अधिक महिना धरून तेहेतीस अमावस्या. तेहेतीस वेळा मी चुकीच्या खांबाला हार घातला. तिथला ट्रॅफिकवाला मला ओळखतो, हार घालेपर्यंत उन्हात माझी पिशवी धरून उभा राहतो. त्या खांबाशी मी बोलले आहे. शुगर निघाली ते पहिल्यांदा त्या खांबाला सांगितलं, माझ्या लेकीला नंतर. आणि माझा माणूस चारशे पावलांवर होता.

लोक हसले असते म्हणता. हसू द्यायचं होतं! हसण्यानं कुणाचं चाक चेपत नाही. तुमच्या त्या शून्यामुळं संस्कृती आज पायी शाळेत जाते, कारण आई सायकल देत नाही. दुसऱ्या कुणाची पोर तर चाकाखालीच गेली असती. मग तिचं नाव कुठल्या खांबावर लिहिलं असतं?

आता दुसरी गोष्ट. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मी कमी शिकलेली, म्हणून एकेक ओळ बोट ठेवून वाचते. तुम्ही लिहिता, तो घुसला. मी त्यांच्यासोबत बेचाळीस वर्षं काढली. ते नळाची रांग मोडत नसत. तापात असताना औषधाच्या दुकानातली रांगसुद्धा मोडली नाही. तुम्हीच मागं सांगायचात, सांडू रोज सिग्नलपर्यंत सायकल हातात धरून चालवतो, मला कंटाळा येतो. मग त्याच दिवशी ते आपण होऊन कसे घुसले?

गयासभाई, आधी कोण गेलं?

पोलिसांत जा आणि खरी जागा लिहून द्या. जागा लिहाल तेव्हा सगळंच लिहा. अर्धं खरं मला नको.

मुक्ताबाई


करमाड,
५ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

आधी मी गेलो.

थंडी होती. मला लघवीची घाई झाली होती, एवढंच कारण. दुसरं काही मोठं नव्हतं. मी म्हटलं, "सांडू, आज कुठं सिग्नल, चल इथून." तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "तू जा तुझ्या कायद्यानं, मी चाललो," आणि सायकल फटीतून काढून पलीकडं गेलोसुद्धा. वळून बघितलं तर तो मला अडवायला मागं येऊन दुभाजकात उभा. मला शिव्या देत होता. "गयास, गाढवा, मागं फिर!" मला तेव्हाही नीट ऐकू येत नव्हतं. मी कानाला हात लावला. तो ऐकू यावं म्हणून पुढं आला.

त्याचं नाव राखायला खोटं बोललो असं मी तुम्हाला लिहिलं. ते खोटं नाही. पण आधी मला माझं झाकायचं होतं.

काल पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब दिला. उजैर दोन दिवस भांडला, "अब्बा, उलटे आपपेच केस हुई तो?" शेवटी तोच मोटरसायकलवर घेऊन गेला. साहेब म्हणाले, "चाचा, अडीच वर्षं कुठं होतात?" मी म्हटलं, करमाडला. ते हसले नाहीत. माझ्यावर काय करायचं ते वरचे ठरवतील म्हणाले. पण जागा बदलून घेतली. प्रत सोबत पाठवतो. त्यात लिहिलं आहे, "मयत हा दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडत असताना." पुढं माझंही लिहून घेतलंय, "साक्षीदार आधी ओलांडून गेला होता." मीच सांगितलं, लिहा.

पोलिसांना सांगणं सोपं गेलं. तुम्हाला लिहायला तीन आठवडे लागले.

गयास


करमाड,
१८ डिसेंबर २०२५

वहिनी,

प्रत पोहोचली का? शिव्या द्या, पण लिहा.

गयास


मुकुंदवाडी,
४ फेब्रुवारी २०२६

गयासभाई,

प्रत पोहोचली होती. तीन महिने लिहिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते तुमच्या सुनेच्या हाती पडण्यासारखं नव्हतं. दोनदा लिहून फाडलं. त्याआधी दिवाळीला तुमच्याकडचा डबा आला तोही परत पाठवणार होते. मग ठेवून घेतला. शेवया चांगल्या होत्या.

प्रत मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात नेली. मेघा मॅडमनी वाचली. मयताचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. "आजी, हे तुमचे..." मी म्हटलं, "हो. आता शून्याचा एक करा." त्यांनी माझ्यासमोर केला. त्यांचे डोळे भरले, मी म्हटलं रडू नका, सही करा.

तरी दोन महिने गेले. एकदा फाइल दुसऱ्या टेबलावर होती. एकदा टेबल होतं, साहेब नव्हते. मग एकदाचं काम निघालं. रस्ता वाटेएवढा उंच केला, दोन्ही बाजूंनी. आधी लांबवर गतिरोधक. दुभाजकात दोन सायकली उभ्या राहतील एवढी जागा. सगळं तुम्ही सांगितलेलं. लुकलुकणारा पिवळा दिवा बसवला तो मात्र नाल्याकडं तोंड करून. अकरा दिवस तो बगळ्यांना सावध करत होता. रोज जाऊन सांगितलं, तेव्हा फिरवला. आमच्याकडं तोंड केलेली पाटी अजून तशीच आहे. तिच्यावर कडूबाई फडकी वाळत घालते.

सगळे थांबतात असं समजू नका. मोटरसायकलवाले थांबत नाहीत, कडेनं काढतात. पण डंपरला हळू व्हावंच लागतं, चढण आहे. काल संस्कृती सायकल घेऊन गेली. पलीकडून मला ओरडून म्हणाली, "आजी, बस थांबली!" तिला वाटलं, माझ्यामुळंच थांबली. वाटू दे.

ह्यांच्याबद्दल आता चौकात बोलतात, हे खरं आहे. "गेटमन मामा फटीतून गेले होते म्हणं." एक जण हसलासुद्धा. मी म्हटलं, "हो, गेले. म्हणून आता तुला धड जाता येतं. हस." पुढं तो हसला नाही.

सिग्नलच्या खांबावरचा वाळका हार काढून आणला. ट्रॅफिकवाल्यानं विचारलं, "काय झालं आजी?" मी म्हटलं, "पत्ता बदलला." नव्या जागी हार घालत नाही. तिथं माणसांना उभं राहायचं असतं, हाराची अडचण होते.

तुम्हाला मी माफ केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारू नका. पण एक डोक्यातून जात नाही. तीस वर्षं तुम्ही दोघं एका गेटवर होतात आणि कधी सोबत बसला नाहीत. एक ड्युटीवर तर दुसरा घरी. ती दोन वर्षंच काय ती सोबत फिरलात. ती दोन वर्षं हे सकाळी शीळ घालत सायकल पुसायचे. ते मला तुमच्यामुळं ऐकायला मिळालं, हेही खरं.

येत्या अकरा तारखेला ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. उजैरला सांगून सकाळी सातला या. सायकल आणू नका, आता तुम्हाला झेपायची नाही. आपण ती वाट पुरी चालू, पलीकडपर्यंत. आधी उजवीकडं बघायचं, मग मधल्या जागेवर थांबायचं, मग डावीकडं. कितीही घाई असली तरी.

आणि गयासभाई, ह्या वेळी पुढं मी जाईन. मी हात करेन, तेव्हाच तुम्ही यायचं.

मुक्ताबाई